स्वयंपाकघर वगळून

वीजखात्याचा माणूस आमच्या घरात जेमतेम वीस मिनिटं होता. ओसरीच्या भिंतीवरच्या लाकडी पट्टीचं झाकण त्यानं उचकटलं, आतली वायर दोन बोटांत धरून जराशी वाकवली, आणि तिच्यावरचं रबर भाजलेल्या पापडासारखं मोडून खाली पडलं. त्यातला एक तुकडा त्यानं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातावर ठेवला. तीन महिन्यांत घरभर नवीन वायरिंग करून घ्या, नाही तर वीज तोडावी लागेल, असा कन्नडमधला कागद त्यानं लिहून दिला, आईनं पुढं केलेली कॉफी उभ्यानंच प्यायली आणि तो पुढच्या घरी गेला.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. चामराजपेटेतलं आमचं घर आजोबांनी बांधलं तेव्हा त्या रस्त्यावर वीज घेणारं ते तिसरं घर होतं, आणि ही बढाई अण्णा पाहुण्यांना हमखास ऐकवत. आम्ही बेंगळुरातले जुने मराठी. पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं, असं आमच्यात सांगतात. मी पाहिलं तेव्हापासून तरी आमच्याकडे फौजेतलं काही शिल्लक नव्हतं. अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते, घरात आम्ही चौघं होतो, आणि आजोबांची ती हौस तीस वर्षं भिंतीत सुकत पडली होती. कागद वाचल्यावर अण्णांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा कॉफीही मागितली नाही.

कचेरीतल्या मित्रांबरोबर त्यांची एक चीटी होती. दर महिन्याला प्रत्येकानं ठरलेली रक्कम घालायची आणि जमलेला पैसा पाळीपाळीनं एकेकानं उचलायचा. अण्णांनी हातापाया पडून आपली पाळी अलीकडे ओढली, त्यापायी कापलं जायचं ते कापलं गेलं आणि हातात तीनशे पंधरा रुपये आले. त्यापलीकडे कुठून काही येण्यासारखं नव्हतं. आईच्या अंगावर मंगळसूत्राखेरीज सोनं उरलं नव्हतं आणि उसने मागायला अण्णांची जीभ रेटत नसे.

अंदाजपत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, आकडेमोडीत घरात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आखलेला कागद समोर आला की माझ्या अंगातच येत असे. पुढे मी नोकरीही तसलीच केली. सरकारी कचेरीत बसून दुसऱ्यांची अंदाजपत्रकं तपासली, लाल शाईनं भल्याभल्यांचे आकडे खोडले, आणि खडूस बाई म्हणून नाव कमावलं. माझं स्वतःचं पहिलं अंदाजपत्रक मात्र कुणी तपासलं नाही.

वायरमन आनेकलहून पहिल्या बसनं यायचा. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. परवान्याचं कार्ड मेणकागदात गुंडाळून खिशात ठेवायचा आणि कुणी न मागता काढून दाखवायचा. कन्नडच बोलायचा, पण सावकाश आणि सभ्यपणानं. त्याचा सगळा हिशेब पॉइंटवर होता. एक दिवा, त्याचं बटण, बोर्डापासून तिथपर्यंतची वायर, खालची लाकडी पट्टी, खिळे आणि मजुरी हे सगळं मिळून एक पॉइंट, आणि पॉइंटला चौदा रुपये. तो खोल्याखोल्यांतून फिरला आणि मी मागून वही घेऊन फिरले.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तो आपणच थांबला. अशा घरांची त्याला सवय असावी. बाहेरूनच त्यानं आत बॅटरीचा झोत टाकला. धुरानं काळी झालेली पट्टी, तेलकट वायर, पलीकडे देवघराच्या दारावरून लोंबणारं एक रिकामं होल्डर. बराच वेळ तो बघत राहिला. मग म्हणाला की बाकीचं घर एकवेळ राहिलं तरी चालेल, पण हे आधी करा. वाफेनं आणि धुरानं इथलं रबर गेलेलंच आहे. आत चुलीपाशी अक्का बसली होती. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा निखारे सारखे करू लागली.

अक्का ही अण्णांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती या घरी परत आली, ती या स्वयंपाकघरात शिरली ती शिरलीच. वडीलधाऱ्यांपासून आमच्यापर्यंत सगळे तिला अक्काच म्हणत. तिचं सोवळं, आमच्याकडच्या भाषेत मडी, फार कडक होतं. पहाटे विहिरीवर आंघोळ करायची, लुगडं ओलंच नेसायचं आणि तसंच ओलेत्यानं देवघरात आणि चुलीपुढं जायचं, मग बाहेर पौषातली थंडी असो की काही असो. तिचं जेवण होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. कॉलेजातून आलेल्या मला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची बंदी होती. पाण्याचं भांडंसुद्धा ती माझ्यापुढं वरून धरायची. परका माणूस आत येणं तर दूरच राहिलं.

मला या सगळ्याचा मनस्वी राग होता. मी पदार्थविज्ञान शिकत होते आणि माझ्या घरात माझ्या सावलीचा विटाळ होता. मी तिच्याशी भांडत नसे, पण तिच्याशी बोलताना माझा आवाज कोरडा व्हायचा आणि तो तसा व्हावा असंच मला वाटायचं. ती मात्र माझ्यासाठी रोज ताकाची वाटी वेगळी झाकून ठेवायची. त्याचं मला काही विशेष वाटत नसे.

मला हवी होती ती माडीवरची खोली. घरावर एकच खोली होती, तिथं वीज नेलेलीच नव्हती, जुनं सामान पडलेलं असे. खाली अभ्यास करताना नाकीनऊ येत. अण्णांचे मित्र ओसरीवर, आईची शिलाई मधल्या खोलीत, आणि नऊच्या ठोक्याला दिवे बंद. आदल्या वर्षी पदार्थविज्ञानात मी कशीबशी पास झाले होते. या वर्षी पहिला वर्ग मिळाला तर नोकरी, नाही तर येलहंक्याच्या मामांनी सुचवलेलं स्थळ, अशी सरळ वाटणी घरात झालेली होती. स्थळ पाहिलं होतं मी. त्याच्याविषयी काही न बोललेलंच बरं.

मी हिशेब मांडला. ओसरी, मधल्या खोल्या, बोळ आणि न्हाणीघर मिळून अकरा पॉइंट, त्यांचे एकशे चोपन्न. मुख्य बोर्ड, त्यावरचे फ्यूज, मीटरपासूनची जाड वायर आणि जमिनीत पुरायची तार यांचे चौऱ्याण्णव. ही बेरीज दोनशे अठ्ठेचाळीस. स्वयंपाकघर आणि देवघर मिळून चार पॉइंट आणि एक छोटा बोर्ड, त्यांचे चौसष्ट. हे धरलं की तीनशे बारा, म्हणजे चीटीच्या पैशात अगदी नेमकं बसत होतं. माडीवर एक दिवा आणि एक टेबलदिव्याचा प्लग न्यायला लांबची वायर लागत होती, त्याचे अठ्ठावन्न. ते कुठेच बसत नव्हतं. स्वयंपाकघर काढलं तर मात्र माडीसकट तीनशे सहा होत होते. हे मी एकदा केलं, दोनदा केलं, आणि वही मिटून उशाखाली ठेवली.

दोन दिवसांनी वायरमन ठरवाठरवीला आला. ओसरीवर अण्णा, तो आणि मी. अण्णांनी सुरुवातीलाच हात वर केले. म्हणाले, स्वयंपाकघराचं आमच्या हातात नाही, अक्काची मडी आहे, ती कुणाला आत येऊ देणार नाही. वायरमननं ते ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "मी विहिरीवर आंघोळ करतो, स्वामी. ओला पंचा नेसून आत जातो. पट्टी कोरी, वायर कोरी. अम्मांना विचारून बघा."

अण्णांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. त्यांनाही त्या खोलीची भीती वाटत होतीच. पण बहिणीसमोर मडीचा विषय काढायची छाती त्यांच्यात नव्हती, कधीच नव्हती. ते माझ्याकडे वळले.

"जा, तू विचार. नीट समजावून सांग तिला, आंघोळ करून येतोय म्हणून."

मी बोळातून आत गेले. बोळ लांब होता आणि मला तो तसाच आठवतो, पायाखालच्या फरशीसकट. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पोचले. अक्का पाठमोरी बसून विळीवर लाल भोपळा चिरत होती. तिला माझी चाहूल लागली नाही. मी हाक मारली असती तर तिनं वळून पाहिलं असतं. मी तिथं उभी राहिले आणि माझ्या मनात तीनशे सहा हा आकडा होता, दुसरं काही नव्हतं. ती नकोच म्हणणार, हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की विचारणं म्हणजे नुसता वेळ घालवणं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि तेवढंच सांगितलं असतं तरी एकवेळ मी स्वतःला माफ केलं असतं. खरी गोष्ट अशी की ती हो म्हणेल, अशी मला भीती वाटत होती. पाव मिनिट का होईना, पण वाटली होती.

मी परत ओसरीवर आले आणि म्हणाले, "नको म्हणते."

अण्णांनी सुस्कारा सोडला. नवल कुणालाच वाटलं नाही, कारण अक्काचं उत्तर सगळ्यांना आधीच पाठ होतं. मग मी वही उघडली आणि म्हणाले की चौसष्ट रुपये वाचतातच तर माडीवर दोन पॉइंट घेता येतील. अण्णांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. "सरी, बरं, मग वरचं घे," ते म्हणाले. वायरमननं खिशातली पेन्सिल काढून कागदावर कन्नडमध्ये लिहिलं, स्वयंपाकघर वगळून, आणि खाली अण्णांची सही घेतली.

काम आठवडाभर चाललं. घरभर सागाच्या भुशाचा वास, ठोकाठोकी, आणि आईची कटकट. अक्का अधूनमधून बोळाच्या टोकाला येऊन उभी राही आणि काम बघे. ती आपली मडी राखत उभी आहे असं मला वाटे आणि मी मुद्दाम तिच्या बाजूनं जात नसे. शेवटच्या दिवशी वायरमननं हत्यारं पिशवीत भरली तेव्हाही ती तिथंच होती. त्यानं अण्णांना बजावलं की आतली जुनी लाइन मी नव्या बोर्डाला जोडून दिली आहे खरी, पण पुढच्या पैशात पहिल्यांदा तेवढं करून घ्या, आणि तोवर ओल्या हातानं कुणी तिथं काही धरू नका. अण्णा हो म्हणाले. ओल्या हातानं धरू नका हे आत जाऊन अक्काला सांगायचं कामही त्यांनी माझ्यावरच सोपवलं, आणि ते मी खरंच सांगितलं. ती म्हणाली, "बरं." दिवसभर जिचं सगळं अंगच ओलं असायचं तिनं दुसरं काय म्हणायचं होतं?

माडीवर दिवा लागला त्या संध्याकाळी मी किती खूष होते ते लिहायला मला लाज वाटते, पण होते. हिरव्या झाकणाचा जुना टेबलदिवा मी घासूनपुसून लावला. पहाटे साडेचारला उठून मी वर जाऊ लागले. खाली विहिरीवर अक्काच्या कळशीचा आवाज येई आणि वर माझं पुस्तकातलं प्रकाशाचं प्रकरण चाललेलं असे. दोन महिने असे गेले.

पौषातली सकाळ होती, फटफटायच्या आधीची. मी गणित अर्ध्यावर आणलेलं होतं आणि दिवा गेला. माझ्या मनात पहिलं काय आलं तर आता वाचायचं कसं. मी चिडून जिन्याच्या तोंडाशी आले आणि अण्णांना हाक मारून विचारलं की फ्यूज उडाला का. खालून आईचं रडणं आलं.

देवघरातला दिवा कधीचाच बंद होता. म्हणून अक्का रोज पहाटे स्वयंपाकघरातला लोंबता दिवा खिळ्यावरून काढी आणि पितळी होल्डरला धरून देवघराच्या दारावर नेऊन अडकवी. वर्षानुवर्षं ती ते करत होती आणि आमच्यापैकी कुणी ते पाहिलेलं नव्हतं, कारण त्या वेळी आत जायची कुणाला परवानगीच नव्हती. त्या दिवशी आत उघडी पडलेली तार होल्डरच्या पितळेला टेकली. ओलं लुगडं, अनवाणी पाय, दगडी फरशी. विजेनं मूठ आवळली की माणसाला ती सोडता येत नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेला येण्यासारखं होतं ते. आईनं जळणातलं लाकूड उचलून वायरीवर मारलं आणि अण्णांनी धावत जाऊन मुख्य बोर्डावरचा खटका ओढला. माझा दिवा गेला तो तेव्हा.

मी पोचले तेव्हा अक्का भिंतीला टेकून बसलेली होती. शुद्धीवर होती. उजवा हात मांडीवर पडला होता आणि तो मी नीट पाहिला नाही. तिचं पहिलं वाक्य आईला होतं, की मला शिवलीस, आता तुला पुन्हा आंघोळ करायला लागेल.

सरकारी दवाखान्यात ती सहा आठवडे होती. जीव वाचला, यावर डॉक्टर फार समाधानी होते. तळहात आतपर्यंत भाजला होता, शिरा आखडल्या, आणि तीन बोटं तळव्याकडे मिटली ती कायमची. अंगठा आणि पहिलं बोट तेवढं हलायचं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी अण्णा तिच्या खाटेशेजारी बसले होते आणि मी पायाशी उभी होते. इतके दिवस त्यांनी आवरून धरलेलं त्या दिवशी बाहेर आलं. आवाज मात्र चढला नाही.

"तो माणूस आंघोळ करून यायला तयार होता, अक्का. मी तुला निरोप पाठवला. नको का म्हणालीस?"

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. तिला काही कळलं नाही हे मला स्पष्ट दिसलं. मग तिची नजर हळूहळू माझ्यावर आली आणि तिथं थांबली. आता ती बोलणार आणि सगळं संपणार, आणि संपलं तर बरंच, असंही क्षणभर वाटलं. ती पुन्हा अण्णांकडे वळली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं नाही. परीक्षा दोन महिन्यांवर होती, अण्णा आधीच खचले होते, आता सांगून हात बरा होणार नाही, अशी कारणं मी पुढे पुष्कळ जमवली. त्या क्षणी त्यातलं एकही कारण माझ्याजवळ नव्हतं. मी भित्री होते, एवढंच.

ती घरी यायच्या आत स्वयंपाकघराचं वायरिंग झालं. त्यासाठी अण्णांनी आपली सायकल विकली आणि मग निवृत्त होईपर्यंत ते कचेरीत पायी गेले. तोच वायरमन आला. पायजमा घालून, आनेकलच्या बसची धूळ पायाला तशीच घेऊन तो आत गेला आणि चुलीच्या कट्ट्यावर उभा राहून त्यानं पट्ट्या ठोकल्या. आंघोळीचं कुणी त्याला विचारलं नाही, त्यानंही काढलं नाही. जाताना मला म्हणाला की अम्मांनी तेव्हा ऐकायला हवं होतं. मी मान हलवली.

परत आलेल्या अक्काला त्या खोलीत काही काम उरलं नव्हतं. डाव्या हातानं नैवेद्य दाखवता येत नाही आणि उजव्या हातात पळी राहत नव्हती. पूजा अण्णांकडे गेली, चूल आईकडे. अक्काला बोळाच्या टोकाशी चटई मिळाली. तिथं बसून ती डाव्या हातानं तांदूळ निवडायची. जेवणही तिथंच. डाव्या हातानं ती शेवटपर्यंत जेवली नाही. अंगठा आणि एक बोट एवढ्यावर भाताचा घास उचलायची, निम्मा खाली सांडायचा, आणि आई तो पुसताना काहीबाही पुटपुटायची. आईचं तरी काय चुकलं? हट्टापायी हात घालवून बसलेली नणंद, असंच तिला दिसत होतं. नातेवाईक आले की ही गोष्ट निघायचीच. बघा, मडीनं काय केलं ते, असं मामा येलहंक्याहून येऊन सांगून जात, अक्काच्या देखत. ती तांदूळ निवडत राही. एकदा मामांनी माझ्याकडे बघून विचारलं की तू तर शिकलेली, तू का नाही समजावलंस तिला? मी म्हणाले, ऐकायची नाही ती.

पहिला वर्ग मला मिळाला. नोकरीही लागली. स्थळाचं बोलणं आपोआप मागे पडलं.

सात वर्षं ती तशी जगली. शेवटी शेवटी छातीत पाणी झालं आणि ती खाली माझ्या झोपायच्या खोलीत असायची, कारण आईच्यानं होईना. एका रविवारी दुपारी मी तिला पेज भरवत होते. तिला भरवायला लागल्यापासून तिनं मडीचं नाव काढलं नव्हतं. माझ्या हातचं मुकाट्यानं गिळायची. तो तिचा मिटलेला हात माझ्या गुडघ्याला लागला आणि मला राहवलं नाही.

"अक्का, त्या दिवशी मी तुला विचारलंच नव्हतं."

"ठाऊक आहे गं मला," ती म्हणाली. मग दम घेऊन पुढं म्हणाली, "विचारलं असतंस तरी मी नकोच म्हणाले असते. माझी मडी तुला ठाऊक नाही का? नको जिवाला लावून घेऊस. स्वल्प पाणी दे."

मी पाणी दिलं आणि बाहेर जाऊन ओसरीच्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडले. सात वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. विचारलं असतं तरी नकोच म्हणाली असती. म्हणजे व्हायचं ते होणारच होतं, माझ्या खोटेपणानं त्यात काही फरक पडला नव्हता. आकडेमोड करणाऱ्या बाईला असं उत्तर फार आवडतं. महिनाभरानं ती गेली तेव्हा मी रडले, पण मनात कुठंतरी हिशेब मिटलेला होता.

चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण झालं. दुपारी मी परसात हात धुवायला गेले तर पलीकडच्या घरातल्या अम्मा भिंतीशी उभ्या होत्या. त्या अक्काच्याच वयाच्या, तिच्यासारख्याच विधवा, कन्नड ब्राह्मण, आणि मडीत तिच्यापेक्षाही काकणभर सरस. दोघी विहिरीपाशी भिंतीच्या दोन बाजूंनी रोज बोलत. त्या म्हणाल्या, तुझी अक्का फार सोसून गेली. मग डोळे पुसत जुनं काढून बोलत बसल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की तुमच्याकडे ते विजेचं काम निघालं ना, तेव्हा दोन दिवस ती आमच्याकडे स्वयंपाकाला येणार होती.

मी विचारलं, कोण?

"तुझी अक्का. तुमच्या वायरमननं आत झोत टाकला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं मला विचारलं, तुझ्या मडीच्या चुलीवर दोन दिवस भात शिजवू देशील का म्हणून. देव इकडे आणून ठेवते, तो माणूस काम करून गेला की गोमूत्र शिंपडून परत नेते, असं ठरवलं होतं तिनं सगळं. मी चूल सारवून ठेवली, चार दिवस वाट पाहिली. मग तीच येऊन म्हणाली, नको, राहू दे. मी म्हटलं, का गं? तर म्हणाली, मला कुणी विचारलं नाही, पैसे पुरले नसतील. आपण होऊन कसं सांगायचं, म्हणाली, भावाच्या जिवाला लागेल."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. सात वर्षं त्यांच्याही मनात तेवढंच एक राहून गेलं असावं.

"पैसेच कमी पडले ना गं तेव्हा?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.